छपराचं पाकीट

रात्री पावणेबाराला, फीनिक्सच्या विमानतळावर,
माझ्या काउंटरवर एका म्हाताऱ्यानं
सात पाकिटं मांडली, पत्त्यांचा डाव मांडावा तशी.
खाकी, कडा झिजलेली,
प्रत्येकावर पेन्सिलीनं एकच शब्द:
तेल. चर्च. दात. छप्पर.
एकावर नुसतं 'इल्मा'.
ते त्यानं लगेच खिशात परत ठेवलं.

"लहानात लहान गाडी. चार दिवस. मोजून घ्या."

मी म्हणाले, क्रेडिट कार्ड.
तो म्हणाला, नाही.
विसरलात?
नाही म्हणजे नाही.

आर्व्हो निएमेला, वय चौऱ्याहत्तर,
मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, हॅन्कॉक गावात
एकतीस वर्षं बर्फ ढकलणारा ट्रक चालवला.
घर फेडलेलं. कुणाचं एक सेंट देणं नाही.
मुलगी ग्लोबला असते, सकाळी आठला तिचं ऑपरेशन.
यातलं मी काहीच विचारलं नव्हतं.
मी फक्त त्याचं नाव यंत्रात घातलं
आणि यंत्र म्हणालं: पत – नोंद नाही.

वाईट पत असती, तर काही करता आलं असतं.
बुडव्यांसाठी आमच्याकडे जादा अनामत आहे,
पिवळा फॉर्म आहे, सही करायला जागा आहे.
ज्यानं कधी बुडवलं नाही, कारण कधी घेतलंच नाही,
त्याच्यासाठी रकाना नाही.

मला आहे. मी ओफेलिया बुस्तामान्ते,
माझी पाच कार्डं.
त्यातली दोन एकमेकांना फेडतात,
दोन झिंगलेल्या बहिणींनी
एकमेकींना घरी पोचवावं तशी.
पोराचा चष्मा, गाडीचा गिअरबॉक्स, आईची मयत.
हो, आईलाही मी हप्त्यांवर पुरलं.
अजून अठरा महिने
ती पुरती गेलेली नाही.
पण कुठल्याही काउंटरवर जाऊन बघा,
मला कुणी उभं ठेवत नाही.

तो चिडला नाही.
बाकावर बसला, रुमालातून राईचा काळा पाव काढला,
अर्धा खाल्ला, अर्धा पुन्हा बांधला.
त्या बांधलेल्या अर्ध्याचा मला राग आला.
बाबा, एकच कार्ड,
ड्रॉवरच्या तळाशी टाकून ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं?
आग विझवायचं नळकांडं नाही का ठेवत माणसं?
शेवटी विचारलंच.

"होती ना. चार होती," तो म्हणाला,
"इल्माच्या आजारपणात.
ती गेली, तरी पत्रं येत राहिली.
प्रिय इल्मा, आपली मर्यादा वाढवली आहे.
सहा वर्षं."
मग बराच वेळ तो सरकत्या जिन्याकडे बघत होता.
जिना रिकामाच वर जात होता.

चारला पाळी सुटली. चला, म्हणाले.
का म्हणाले, ते नका विचारू,
झोप आली होती आणि त्याच्याकडे अर्धा पाव होता.

सुपीरियरला पेट्रोल भरायला थांबले.
पंपानं कार्ड नाकारलं.
दुसरं घातलं. तेही.
तिसऱ्यासाठी पर्स उपसतेय तोवर
तो दुकानात जाऊन रोख देऊन आला
आणि डॅशबोर्डवर टेकवून
छपराच्या पाकिटावर लिहिलं: वजा तीस.

मी म्हणाले, उसने घेते, पाठवीन.
"नको. गळेल थोडं. बादली आहे."

ग्लोबच्या हॉस्पिटलात दारालगतच खिडकी होती,
खिडकीत एक बाई, बाईपुढे यंत्र.
तिनं तोंड उघडायच्या आत
तो पाकिटं मांडायला लागला.

परत कसे याल? मी दारातून ओरडले.
"त्याचं पाकीट केलेलं नाही," तो म्हणाला,
आणि पहिल्यांदाच जरा घाबरलेला दिसला.

येताना सूर्य आरशातून डोळ्यांत घुसत होता.
दोघांत शहाणं कोण, ते मी मैलामैलाला ठरवत होते
आणि पुढच्या मैलाला मोडत होते.
टाकी पाऊण भरलेली होती.
कुठेतरी, बर्फाच्या गावात,
तेवढ्याच मापाचं एक भोक.